बोटांनी घेतलेली हजेरी

दर रविवारी सकाळी नऊ वाजता ताई स्वयंपाकघरालगतच्या बंद गॅलरीत जाऊन बसत, रेडिओ संचाचं बटण फिरवत आणि घसा साफ करून म्हणत, "सगळ्यांना नमस्कार. हजेरी सुरू करते."

मग शहरात आणि आसपासच्या वस्त्यांत विखुरलेले हौशी रेडिओवाले एकेक करून बोलू लागत. प्रत्येकाला सरकारने दिलेला अक्षरांचा आणि आकड्यांचा एक संकेत होता. ताई तो पुकारत, पलीकडचा माणूस "हजर" म्हणे आणि मनात येईल ते दोन शब्द सांगे. कोणाची अँटेना वाऱ्याने वाकडी झाली, कोणाला नव्या देशातला माणूस बोलायला सापडला, कोणाचा गुडघा धरला. बाहेरच्याला वाटावं, हे बोलायला रेडिओ कशाला हवा? पण क्लबातल्या निम्म्या लोकांचा आठवडा त्या तासाभराच्या आधाराने उभा होता.

ताई या वाटेला लागल्या त्या पोस्टकार्डांमुळे. त्या छापखान्यात मशीन चालवत. एकदा क्लबाकडून कार्डं छापायचं काम आलं. मध्यभागी मोठ्या अक्षरांत संकेत आणि खाली तारीख-वेळ लिहायला रिकामी जागा. ताईंनी कार्डं न्यायला आलेल्या माणसाला विचारलं, "ही कशासाठी हो?"

"ज्याच्याशी रेडिओवर बोललो त्याला पाठवायची," तो म्हणाला. "नाहीतर आपण खरंच बोललो यावर दुसऱ्या दिवशी दोघांचाही विश्वास बसत नाही."

हे ऐकून ताईंना इतकी मौज वाटली, की पुढच्याच आठवड्यात त्या वाचनालयाच्या गच्चीवरच्या क्लबाच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. परीक्षा दिली, परवाना मिळाला, आणि बघता बघता हजेरी त्यांच्याकडे आली. ती आपोआपच आली. दोघं एकदम बोलले तर रेडिओवर दोघांचाही चुरा होतो. कोणाला थांबवायचं आणि कोणाला बोलू द्यायचं, हे ताई कोणाचंही मन न दुखवता करत. क्लबाचे चिटणीस दातांचे डॉक्टर होते. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून बसणाऱ्या माणसाला रविवारीच काय ती स्वतःचं तोंड उघडायची संधी. ताई त्यांना गोड आवाजात सांगत, "डॉक्टर, पुढचा पेशंट बसलाय बाहेर. ओव्हर." आणि डॉक्टर हसून गप्प होत.

हजेरीला तोंडाने उत्तर न देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तारमास्तर. सगळा जन्म तार ऑफिसात गेला होता. ओठ पार झाकून टाकणारी झुपकेदार मिशी आणि त्याहून झुपकेदार मतं. बोललेलं वाफेसारखं उडून जातं, मोर्सच्या ठिपक्या-रेषांनी पाठवलेलं तेवढं खरं, असं त्यांचं म्हणणं. आपला संकेत पुकारला की ते माइकसमोर तारेचा खटका दाबत, कट्ट-कडकट्ट, आणि संपलं.

"सुतारपक्षी हजर," ताई म्हणत. सगळे हसत. तारमास्तर आठवडाभर फुगून बसत आणि क्लबात भेटले की म्हणत, "बाई, परीक्षेपुरतं मोर्स शिकलात आणि परीक्षेतच सोडून आलात. पालथ्या घड्यावर पाणी."

"मास्तर, देवाने जीभ दिलीय ती वापरते. तुम्हीही कधी वापरून बघा, गंजली असेल."

असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

कान कधीपासून जायला लागले, हे ताईंना सांगता आलं नसतं. छापखान्यात सगळेच मोठ्याने बोलत, त्यामुळे तिथे कळायला वाव नव्हता. घरी नवरा मुळातच हळू बोलणारा. तो दवाखान्यात कंपाउंडर होता. तिथे आजारी माणसांशी कुजबुजून त्याला तशीच सवय लागलेली. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर ताई त्यालाच दोष देत. "अहो, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?" राहिल्या सासूबाई. त्यांचा आवाज असा होता, की तो ऐकू येण्यासाठी कानांची गरजच नव्हती. त्यामुळे ताई आपल्या समजुतीत सुखी होत्या.

एका रविवारी क्लबातला वायरमन सांगत होता, "ताई, आमच्या बाबांचा पाय मोडलाय, त्यामुळे दोन आठवडे येणं जमायचं नाही. ओव्हर."

ताईंनी ऐकलं, पाइप मोडलाय. अँटेना पाइपावरच उभी करतात, तेव्हा त्यांना काही वावगं वाटलं नाही. "अरेरे," त्या म्हणाल्या. "पण जुनाच होता ना तो? काढून टाका आणि भंगारात देऊन नवा बसवा. ओव्हर."

वायरमन स्वभावाने आनंदी. त्याने पुढे महिनाभर ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. बाबाही म्हणे पलंगावर पडून हसत होते. ताईंनीही हसून घेतलं. पण त्या दिवसापासून हजेरी घेताना त्या खुर्चीच्या टोकावर बसू लागल्या, एक हात आवाज वाढवायच्या बटणावर ठेवून.

पुढचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. क्लबात शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आधीच्या रविवारी त्या म्हणाल्या होत्या, घर आवरायला काढलंय, जीव मेटाकुटीला आलाय. या रविवारी त्यांचा संकेत पुकारला तेव्हा त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "ताई, सासरे काल वारले. ओव्हर."

ताईंच्या कानांतून 'स'सारखी बारीक अक्षरं केव्हाच गळून पडली होती. त्यांनी ऐकलं, सारे काल आवरले.

"वा! वा!" ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "सुटलात बाई एकदाच्या! आता मस्त पाय पसरून झोपा. ओव्हर."

पलीकडून कोणी बोललं नाही. ताईंना वाटलं, संच बिघडला. त्यांनी बटणं फिरवली, पुन्हा पुकारलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, पण शब्द काही लागेनात. तेवढ्यात नवरा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच धावत आला. त्याने संच बंद केला, ताईंच्या समोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलला.

ताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत होता. "मी काय बोलले हो हे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या गणिताच्या बाईंकडे गेल्या. घरात कोपऱ्यात अंथरुणाच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. औषधाच्या बाटल्या अजून खिडकीत होत्या. ताई नुसत्या हात जोडून उभ्या राहिल्या.

बाईंनी त्यांना बसवलं आणि अगदी जवळ येऊन, सावकाश म्हणाल्या, "ताई, सगळ्या जगाने सांत्वन केलं, पण खरं एकट्या तुम्ही बोललात. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस होता. मी सुटलेच की. तुमचं ते 'वा वा' ऐकून मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातून रडू आलं. तोवर डोळ्यांतून टिपूस निघत नव्हतं."

ताई निघाल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "पण कान मात्र दाखवून घ्या."

कानांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, यंत्रांच्या आवाजाने आतली नस थकली आहे. गेलं ते परत येणार नाही, आहे तेही हळूहळू जाईल. कानात घालायचं यंत्र मिळालं. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं त्याने थोडंफार कळे, तेही त्याच्या ओठांकडे बघत राहिलं तर. रेडिओला मात्र ओठ नसतात. त्यातून नुसती खरखर येई आणि त्या खरखरीत माणसं बुडून जात.

ताईंनी क्लबाच्या बैठकीत सांगून टाकलं, "हजेरी आता दुसऱ्या कोणीतरी घ्यावी."

डॉक्टर ओरडून म्हणाले, "अहो ताई, आम्ही सावकाश बोलू की!"

"तुम्ही सावकाश बोललात तर हजेरी संपायला सोमवार उजाडेल," ताई म्हणाल्या. सगळे हसले, आणि त्या हसण्याचा फायदा घेऊन त्या जिना उतरून निघून आल्या. कोपऱ्यात बसलेल्या तारमास्तरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांना वाटलं, म्हातारा मनातून खूश झाला असेल.

संचावर कापड पडलं. रविवारची सकाळ आता अंगावर येऊ लागली. नवरा त्यांना कालव्याच्या कडेने फिरायला नेई. वाटेत भेटणारी माणसं एक तर ओरडून बोलत, नाहीतर त्यांना वगळून नवऱ्याशीच बोलत. यातलं जास्त वाईट कुठलं, हे ताईंना ठरवता येत नसे. सगळ्यात जास्त वीट आला होता तो स्वतःच्याच दोन शब्दांचा. "पुन्हा सांगा." दुकानात पुन्हा सांगा, बसमध्ये पुन्हा सांगा, परगावच्या मुलीच्या फोनवर पुन्हा सांगा. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. कळलं नाही तरी मान हलवायला त्या शिकल्या.

"तो डबा बोलायचा तेव्हा तू बरी होतीस," सासूबाई एक दिवस म्हणाल्या. "आता घरात दोन म्हाताऱ्या झाल्यात. मला एकटीला म्हातारपण उपभोगू दे की."

एका संध्याकाळी दारात तारमास्तर उभे. हातात कापडी पिशवी. ताईंना क्षणभर ते ओळखूच आले नाहीत. तोंडावर काहीतरी कमी होतं. मग लक्षात आलं, मिशी! तो झुपका साफ उडाला होता आणि त्याजागी एक फिकट, उघडावाघडा ओठ दिसत होता. इतक्या वर्षांत तो ओठ कोणी पाहिला नव्हता.

"हे काय मास्तर?"

"उकडतं," तारमास्तर म्हणाले. तो शब्द ताईंना लख्ख कळला. पुढचेही कळले. ती मिशी कशासाठी गेली, हे आधी मागे उभ्या असलेल्या नवऱ्याच्या ध्यानात आलं, मग ताईंच्या. दोघंही त्यावर काही बोलले नाहीत. बोललं असतं तर म्हातारा तिथूनच मागे फिरला असता.

त्यांनी पिशवीतून एक उघडा स्पीकर काढला, नुसता कागदी भोंगा, वर जाळी नाही की पेटी नाही. तो टेबलावर ठेवला, तारा जोडल्या, आपला खटका काढला. "बोटं ठेवा. कागदावर. हलकेच."

"कशाला? बहिऱ्यापुढे गाणं म्हणायला?"

"ठेवा तर."

ताईंनी दोन बोटं टेकवली. मास्तरांनी खटका दाबला आणि बोटांखाली गुदगुल्या झाल्या. एक छोटी, एक लांब. दोन छोट्या. त्यांनी सूर मुद्दाम अगदी खाली नेला होता. कानांना तो घोगरा वाटावा, पण बोटांना जाणवतो तोच.

ताईंनी हात काढून घेतला. "मास्तर, माझ्यावर दया करायला आला असाल तर चहा घ्या आणि निघा."

"दया कसली?" तारमास्तर चिडले. "स्वार्थ आहे माझा. आमच्या ऑफिसातले सगळे एकेक करून वर गेले. क्लबात सगळे बडबडे. मी खटका दाबतो आणि कोणालाही कळत नाही. तुम्ही तेवढ्या उलट उत्तर द्यायच्यात. आता तेही बंद. माणसाने भांडायचं कोणाशी?"

ताईंनी बोटं पुन्हा कागदावर ठेवली.

हे काही पोरखेळ नव्हतं. मास्तर दर संध्याकाळी येऊन बसत आणि ताई दर संध्याकाळी चुकत. कागदाची थरथर कळे, पण तिचं अक्षर होत नसे. मास्तर कडक होते. चुकलं की टेबलावर टिचकी मारून पुन्हा सुरुवात. एकदा ताई वैतागून म्हणाल्या, "या वयात नवी भाषा शिकायची म्हणजे दगडावर डोकं आपटणं आहे."

"ठिपके आणि रेषा मोजत बसू नका," मास्तर म्हणाले. "तुमचं मशीन बिघडतं तेव्हा तुम्ही काय मोजता?"

ताई थबकल्या. मशीनमध्ये काही मोजावं लागत नसे. लोखंडी चौकटीवर तळवा टेकवला की कळे, आता कागद अडकणार, आता तेल संपत आलंय. पूर्वी लोक याचं कौतुक करत तेव्हा त्यांना नवल वाटे. हाताला कळतं, त्यात काय विशेष? त्या रात्री झोपण्याआधी त्यांनी ठरवलं, उद्यापासून मोजायचं नाही.

आणि खरंच, हळूहळू अक्षरं चेहरा दाखवू लागली. हे ठुमकत येणारं अमुक, हे पाय ओढत येणारं तमुक. एके दिवशी मास्तरांनी नेहमीपेक्षा लांब शब्द पाठवला. ताई डोळे मिटून एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेल्या. "सु... ता... र... प..." आणि शब्द पुरा व्हायच्या आत त्यांना असं हसू आलं, की सासूबाई आतून उठून बघायला आल्या. मास्तरांचा उघडा ओठ थोडासा हलला. त्या घरात ते हसताना दिसले ते तेवढेच.

त्यानंतर दोघं आपापल्या घरून रेडिओवर बोलू लागले. बोलणं कसलं, भांडणच ते. ताईंचा हात घाईचा, मास्तरांचा छापल्यासारखा नीट. मास्तर म्हणत, तुमच्या अक्षरांच्या मध्ये मुंगीलाही जागा नाही. ताई म्हणत, तुमच्या दोन अक्षरांमध्ये माझी भाजी शिजते.

वर्षातून एकदा क्लब शहराबाहेरच्या टेकडीवर तंबू ठोकी. दिवसभर बॅटरीवर संच चालवायचे आणि जमेल तितक्या लोकांशी संपर्क साधायचा, असा तो सोहळा. ताई यायला तयार नव्हत्या. डॉक्टर, वायरमन, गणिताच्या बाई असे तिघं येऊन त्यांना घेऊन गेले. टेकडीवर नेहमीचीच धांदल होती. वायरमन झाडावर चढून अँटेनाची दोरी ओढत होता, खालून पाच जण त्याला पाच प्रकारे ओढायला सांगत होते. डबे उघडले गेले, चहाचा थर्मास कोणीतरी उलटा ठेवला म्हणून कोणीतरी कोणालातरी बोललं. मोर्सचा तंबू जरा लांब, एका खडकाच्या आडोशाला होता. तिथे मास्तर आणि ताई.

सकाळभर मास्तरच खटक्यावर होते. दुपारी ते उठले, पाठीला हात लावून म्हणाले, "मी जरा आडवा होतो," आणि चादर पसरून झोपले. खरं झोपले की नाही, देव जाणे.

ताई एकट्याच राहिल्या. बोटं स्पीकरवर, दुसरा हात खटक्यावर. त्यांनी आपला संकेत पाठवला आणि थांबल्या. काही नाही. पुन्हा पाठवला. मग बोटांखाली अगदी बारीक, लांबून आल्यासारखी थरथर सुरू झाली. कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. मास्तर नव्हे, क्लबातलंही कोणी नव्हे, पार अनोळखी माणूस. संकेतावरून दूरच्या देशातला.

ताईंनी उत्तर दिलं, आपलं नाव सांगितलं, हवा छान आहे म्हणून सांगितलं. पलीकडून अडखळत उत्तर आलं. माणूस नवशिका असावा. त्याची अक्षरं जिन्यावरून घसरल्यासारखी येत होती. ताईंनी आणखी दोन वाक्यं पाठवली, सवयीने घाईघाईत.

मग बोटांखाली ती विनंती आली. माफ करा, कळलं नाही. पुन्हा सांगा.

ताईंनी ते अक्षर न अक्षर वाचलं. किती तरी दिवसांत हे वाक्य त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. म्हणायच्या त्याच, तेही आता सोडून दिलेलं. आणि इथे हा माणूस, कुठला कोण, बिनधास्त विचारत होता. त्याला लाज नव्हती वाटत. आणि ताईंनाही त्याचा जराही राग आला नव्हता. उलट, त्याला नीट कळावं असं फार फार वाटत होतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. मास्तर सांगत तसं, अक्षरांमध्ये जागा सोडून, एकेक शब्द टेबलावर मांडून ठेवल्यासारखा. त्याने पुन्हा एकदा विचारलं, त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मग त्याला कळलं. त्याने आभार मानले, आपल्याकडे पाऊस आहे म्हणाला, आणि रेडिओवाले निरोप घेताना पाठवतात ते आकडे पाठवून गेला.

"हात सुधारला तुमचा," मागून मास्तर म्हणाले. पण ताईंची पाठ होती, त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी वळून विचारलं, "काही म्हणालात? पुन्हा सांगा."

"काही नाही," मास्तर म्हणाले. "चहा आणतो म्हटलं."

त्यानंतर ताई दुकानात, बसमध्ये, मुलीशी बोलताना बेधडक विचारू लागल्या. कोणी कपाळाला आठ्या घातल्याच तर त्या त्याच्याकडे शांतपणे बघत राहत, तो पुन्हा सांगेपर्यंत.

रविवारची हजेरी डॉक्टरच घेतात. ती बरीच लांबते. ती संपली की दुसरी हजेरी सुरू होते, मोर्सची, आणि ती ताई घेतात. सुरुवातीला त्या आणि मास्तर असे दोघंच होते. मग गणिताच्या बाई शिकल्या. त्यांची अक्षरं पाढ्यांसारखी एकसुरी, पण चूक शोधून सापडायची नाही. मागाहून वायरमन आला. ताईंचं ऐकणं ठरल्याप्रमाणे कमी कमी होत गेलं. छापखान्यातून त्या निवृत्त झाल्या. तारमास्तर मुलाकडे राहायला दूरच्या शहरात गेले. निरोपाच्या दिवशी क्लबातल्या खोलीत कोणालाच भाषण करता येईना, तेव्हा त्यांनीच सगळ्यांना झापलं आणि जिना उतरून गेले. मिशी त्यांनी पुन्हा वाढवली आहे, असं म्हणतात.

पण रविवारी ते असतात. संदेश आता लांबून येतो, थरथर बारीक असते. ताईंना बोटं जरा जास्त वेळ टेकवावी लागतात. सासूबाई शेजारी खुर्ची ओढून बसतात. त्यांना या हजेरीचा फार नाद लागला आहे.

"काय म्हणतो तो सुतारपक्षी?" त्या परवा ओरडल्या.

"सुनेने भाजीत मीठ जास्त घातलं, म्हणतात."

"सांग त्याला, मुकाट्याने जेव म्हणावं. घालतेय ते नशीब."

ताईंनी खटका ओढून घेतला आणि सासूबाईंचा निरोप, एक शब्दही न गाळता, पाठवून दिला.